दोन वीसचा निरोप

किकवीत शुभांगीच्या तोंडाला कुणी लागायचं नाही. पण बारसं असो नाहीतर डोहाळजेवण, ती आल्याशिवाय बायकांच्या बैठकीला रंगही चढायचा नाही. कुणाची सून कशी चालते, कुणाचा नवरा ग्रामसभेत बोलायच्या आधी कसा खाकरतो, हे ती असं करून दाखवायची की ज्याची नक्कल चाललीय त्यालाही हसू आवरायचं नाही. गावातल्या महिला गटाची ती सचिव होती. गट मसाले कुटून हायवेवरच्या हॉटेलांना द्यायचा आणि गटाचा मोबाईलवरचा ग्रुप किकवीपासून सारोळ्यापर्यंतच्या ऐंशी बायकांचा होता. त्या ग्रुपवर शुभांगी लिहायची कमी आणि बोलायची जास्त. सकाळी चहा टाकता टाकता ती एखादा व्हॉइस मेसेज सोडून द्यायची, आणि बायका भाकऱ्या थापताना तो ऐकून हसायच्या. ‘शुभांगीताईचं आज काय आलं का गं?’ असं त्या एकमेकींना विचारतात, हे तिच्या कानावर यायचं. तिला ते गोड लागायचं.

मंगल त्याच गटात होती. बौद्धवस्तीतलं तिचं घर आणि शुभांगीचं घर यांच्यामध्ये एक ओढा तेवढा होता. नवरा लवकर गेला, मागं सासू अक्काबाई आणि एकुलती एक पिंकी. पिंकी आणि शुभांगीची नूतन बालवाडीपासून एका बाकावर बसलेल्या. बारावीनंतर दोघींनी मिळून पुण्यात जपानी भाषेचा क्लास लावला. दोन वर्षं सकाळच्या एसटीनं दोघी गेल्या नि दोघी आल्या. शुभांगीच्या ओट्यावर बसून दोघींनी ती काटक्यांची खोपटी रचावीत तशी अक्षरं गिरवली. परीक्षेत पिंकी पास झाली. नूतन दोनदा बसली आणि दोनदा राहिली. पिंकी जपानला गेली, समुद्रकाठच्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात, म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायला. नूतन भोरला एका औषधाच्या दुकानात लागली.

पिंकी निघाली त्या दिवशी तिला पोचवायला निम्मं गाव फाट्यावर गेलं होतं. शुभांगीही गेली होती, तिनं पिंकीला दही-साखर भरवली होती. घरी आल्यावर मात्र नवऱ्याला, सावळारामला, ती म्हणाली, “परक्याचं हागणं-मुतणं काढायचं काम. आपल्यातल्या पोरींचं न्हाई ते.” ‘आपल्यातल्या’ या शब्दावर तिनं जरा जोर दिला. नूतन जेवत होती. ती ताट तसंच सोडून उठून गेली.

ही गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षाची, एक जानेवारीची.

त्या दिवशी मंगल दरवर्षीप्रमाणे वस्तीतल्या लोकांबरोबर टेम्पोनं कोरेगावला, विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेली होती. तिथं पाय ठेवायला जागा नसते, मोबाईल कधी खिशातनं जाईल सांगता येत नाही. म्हणून पिंकीनं घेऊन दिलेला मोठा मोबाईल तिनं घरी पेटीत कुलपात ठेवला आणि जुना बटणाचा कमरेला लावला. अक्काबाई घरीच होत्या. त्यांना ऐकू फार कमी यायचं.

दुपारी एकच्या सुमाराला शुभांगी आणि सावळाराम जेवत होते, तेवढ्यात टीव्हीवर खालून लाल पट्टी पळायला लागली. जपानात मोठा भूकंप. त्सुनामीचा इशारा. लोकांनी ताबडतोब उंचावर जावं. दुकानातल्या फळ्यांवरनं बाटल्या पडत होत्या, विजेच्या तारा दोरीवरच्या उड्या मारल्यासारख्या हलत होत्या आणि तिथली बातम्या देणारी बाई कळवळून काहीतरी ओरडत होती. सावळारामचा घास हातातच राहिला. “पिंकीचं गाव ह्याच बाजूला का गं?” त्यानं विचारलं. शुभांगीनं मोबाईलवर नकाशा काढून पाहिला. त्याच किनाऱ्याला होतं.

पुढं जे झालं ते शुभांगीनं नंतर कितीतरी वेळा स्वतःशी उलगडून बघितलं. दही खाताना हसणारा पिंकीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ, मध्ये एका श्वासाचंही अंतर न ठेवता, मनात आलं की बरं झालं, आपली राहिली. त्यात नुसता सुटकेचा निःश्वास नव्हता. दोन वर्षं घशात अडकलेलं काहीतरी कुणी पाठीत थाप मारून बाहेर काढावं, तसं तिला मोकळं वाटलं.

तोवर मोबाईल वाजवाज वाजत होता. नव्या वर्षाच्या शुभेच्छांच्या मागोमाग लाटा यायला लागल्या होत्या. कुणी जोडलेल्या हातांची चित्रं टाकत होतं, कुणी निसर्गापुढं माणूस कसा क्षुद्र असतो याचा सुविचार. साप-बेडूक खाणाऱ्यांचं असंच व्हायचं, असंही एकानं लिहिलं होतं, आणि त्याला चाळीस जणांनी अंगठा दाखवला होता. एक व्हिडिओ सगळीकडून येत होता. काळं पाणी भिंतीवरून गावात शिरतंय, घरं पायापासून उचलली जातायत, होड्या आणि मोटारी एकमेकांवर आपटत चालल्यात. खाली लिहिलं होतं, ‘आत्ताचं, जपान’. तो बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच त्सुनामीचा होता, हे पुढं कळलं. शुभांगीनं शहानिशा केली नाही. तिनं तो गटाच्या ग्रुपवर टाकला आणि त्याच्या खाली बोलायला लागली.

“बघा गं बायांनो. मंगलची पिंकी हितंच हाय, ह्या पाण्याच्या तोंडाला. तिथं आता माणूस काय, मांजर राहिलं नसंल. म्या तवाच म्हणत हुते, पोरीच्या जातीनं एवढी लांब उडी मारू न्हाई. आमची नूतन नापास झाली ती देवाचीच करणी. परक्यांची म्हातारी धुवायला गेली, तर समुद्रानं हिलाच धुऊन नेली.”

शेवटच्या वाक्यावर ती हसली. हसायचं तिच्या मनात नव्हतं, पण वाक्य जमलं की हसायची तिची सवय होती.

मिनिटाभरात रडकी तोंडं आली, जोडलेले हात आले. दोन-तीन हसरी तोंडंही आली आणि लगेच पुसली गेली, पण शुभांगीला ती दिसली होती. सावळाराम म्हणाला, ते काढून टाक. ती म्हणाली, मी काय खोटं बोलले?

मग ती हात धुऊन ओढा ओलांडून अक्काबाईंच्या अंगणात गेली. तिथं आधीच दहा-पंधरा बाया जमल्या होत्या, सारोळ्याच्याही दोघी स्कूटीवरून आल्या होत्या. कशाला आलोय हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. अक्काबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. एवढ्या बाया बघून त्यांनी घाईघाईनं सतरंजी टाकली. घरातून अधूनमधून एक बारीक गाणं ऐकू यायचं आणि थांबायचं. पेटीतल्या मोबाईलची ती रिंग होती, पण बाहेरच्या गलक्यात कुणी तिकडं लक्ष दिलं नाही. शेवटी एका बाईनं अक्काबाईंच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, जपानात धरणी हालली, पाणी आलं. अक्काबाईंनी ऐकलं. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर डोकं टेकलं आणि त्या तशाच बसून राहिल्या.

तेवढ्यात भोरचा एक जण मोटारसायकलवर आला. तो मोबाईलवर तालुक्याच्या बातम्यांचं चॅनेल चालवायचा. त्यानं अक्काबाईंपुढं माइक धरून विचारलं, आजी, तुम्हाला काय वाटतंय? अक्काबाईंनी मान वर केली नाही. मग त्यानं विचारलं, जवळचं दुसरं कोण? सगळ्या बायांनी शुभांगीकडं बघितलं. शुभांगीनं पदर सारखा केला आणि बोलायला लागली. पोर कशी गुणाची होती, आपल्याच ओट्यावर कशी शिकली, आपण तिला कशी दही-साखर भरवली. बोलता बोलता तिला खरंच गहिवरून आलं. हातातला मोबाईल थरथरला तेव्हा ती ‘होती, होती’ असंच म्हणत होती.

बोलून झाल्यावर तिनं बघितलं. पिंकीचा मेसेज होता.

‘काकू मी पिंकी. आईचा मोठा फोन वाजतोय पण कोणी घेत नाही, दुसरा लागत नाही. मी ठीक आहे. आम्ही सगळ्या आजी-आजोबांना घेऊन डोंगरावरच्या शाळेत आलोय. चार्जिंग संपत आलंय म्हणून एकालाच लिहिते. आईला आणि आजीला तेवढं लगेच सांगा.’

वर वेळ होती दोन वीस.

शुभांगीनं तो दोनदा वाचला. तिचे डोळे भरून आले, त्यात काही खोटं नव्हतं. सांगायला तिनं तोंड उघडलं. तिच्यापुढंच सारोळ्याची एक बाई दुसरीला शुभांगीच्याच आवाजात, तिच्याच हेलानं सांगत होती, ‘माणूस काय, मांजर राहिलं नसंल.’ दुसरी तोंडाला पदर लावून ऐकत होती. आणि भोरचा माणूस म्हणाला, “ताई, मघाशी वाऱ्याचा आवाज आला. एकदा परत सांगता का?”

तासापूर्वी तिनं ऐंशी बायकांना सांगितलं होतं की तिथं काही उरलं नाही. आत्ताच ती माइकपुढं रडली होती. पिंकी जिवंत आहे म्हणायचं तर हे सगळं गिळायचं, सगळ्यांच्या देखत. तिनं मोबाईल मांडीवर पालथा घातला. मनात म्हणाली, पहिला हक्क मंगलचा, तिलाच आधी सांगू. मंगलच्या बटणाच्या फोनला तिनं एकदा लावून बघितलं. लागला नाही. मग ती दुसऱ्यांदा माइकपुढं बोलली. पहिल्यापेक्षा चांगलं बोलली.

अक्काबाई तिच्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. निघताना शुभांगीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती घरी आली. दर थोड्या वेळानं ती मोबाईल हातात घ्यायची, पिंकीचा मेसेज उघडायची, आणि आता एवढा वेळ झाला मग हे आता कसं टाकायचं, असं वाटून ठेवून द्यायची. जितका वेळ जाईल तितकं ते अवघड होत चाललं होतं.

टेम्पोत काय झालं ते पुढं चंद्राबाईनं सांगितलं. चंद्राबाई मंगलच्या वस्तीतली, गटातली, आणि टेम्पोत मोठा मोबाईल असलेली तीच एक गटातली बाई. कोरेगावच्या गर्दीत दिवसभर रेंज नव्हती. परतताना कात्रजचा बोगदा संपला आणि सगळे मेसेज एकदम धडाधड पडायला लागले. बाया गाणी म्हणत होत्या. चंद्राबाईनं काय आहे ते न बघताच दाबलं. आधी पाण्याचा आवाज आला, मग शुभांगीचा. टेम्पोतली गाणी एकेक करून थांबली. मंगल शेवटपर्यंत ऐकत होती, ते हसणंही तिनं ऐकलं. मग ती उठली आणि केबिनच्या पत्र्यावर हातानं बडवायला लागली. खेड शिवापूरजवळ टेम्पोचा वेग कमी झाला, पण तो पुरता थांबायच्या आधीच तिनं मागून उडी टाकली. उजवा हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं. तिला ते कळलंही नाही. हायवेच्या कडेला बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला जपानला फोन लावून द्या म्हणत होती.

पावणेसहाला चंद्राबाईनं शुभांगीला फोन केला. ती रडत होती. “ताई, ह्या बाईला आता कसं आवरू?”

“पिंकी चांगली हाय,” शुभांगी म्हणाली. “मेसेज आलाय तिचा. आत्ताच आलाय.”

नसरापूरच्या दवाखान्यात प्लास्टर घालून मंगलला घरी आणलं तेव्हा अंगण भरलं होतं. शुभांगी मागं, ओढ्याच्या बाजूला उभी होती. मंगलनं तिला शोधून काढलं. एकच हात चांगला होता, तो तिनं कपाळाला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “शुभांगीताई, तुमी कळवलंत म्हणून माजा श्वास फिरला.” व्हॉइस मेसेजबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बाकीच्या बाया खाली बघत होत्या. शुभांगीला वाटलं, आता जमीन इथं हलली तर बरं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नूतन भोरहून आली. चप्पल काढायच्या आधीच तिनं विचारलं, “आई, पिंकीचा मेसेज तुला किती वाजता आला?”

“सांजच्याला. चंद्राबाईचा फोन आला त्याच्या जरा आधी.”

नूतननं मोबाईल पुढं केला. त्यावर पिंकीनं पाठवलेला फोटो होता, तिच्या मोबाईलवर मेसेज कसा दिसतो त्याचा. वेळ जपानची होती, पण आपल्याकडच्या हिशेबानं मेसेज गेला दोन वीसला. वाचला दोन बावीसला. पुढं दोन निळ्या खुणा.

“तिनं हा भांडायला न्हाई पाठवला,” नूतन म्हणाली. “आभार मानायला पाठवलाय. काकूंनी लगेच वाचलं, आईला कळलं असणार, म्हणून मी निवांत झाले, म्हणाली. फोन बंद करून ती कामाला लागली. मी तिला काय सांगू, ते तू सांग.”

शुभांगीनं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. फोन लागत नव्हता, गर्दी होती, मंगललाच आधी सांगायचं होतं. नूतननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आणि मला देवानं नापास न्हाई केलं, आई. माझा अभ्यास कमी पडला. देवाला कशाला त्यात घेतलंस?”

दुसऱ्या दिवसापासून नूतन पहाटे उठून ओढ्यापलीकडं जायला लागली. मंगलचा उजवा हात गळ्यात होता आणि अक्काबाईंना वाकवत नव्हतं. नूतन चूल पेटवायची, दोघींना अंघोळ घालायची, मंगलची वेणी घालायची आणि मग भोरची गाडी धरायची. शुभांगीनं तिला जाऊ नको म्हटलं नाही, म्हणायला तोंडच नव्हतं. एका सकाळी ओढ्यावर कपडे घेऊन गेलेली असताना तिला पलीकडचं अंगण दिसलं. मंगल पाटावर मान खाली घालून बसली होती आणि नूतन तांब्या तांब्यानं तिच्या केसांवर पाणी ओतत होती. परक्यांची म्हातारी धुवायला, हे आपलेच शब्द शुभांगीला आठवले आणि ती कपडे न धुताच माघारी आली.

आपला तो व्हॉइस मेसेज शुभांगीनं ग्रुपवरून पुसला होता, पण पुसून काय होणार होतं. आठवड्याभरानं ती एसटीनं भोरला चालली होती. पुढच्या बाकावर दोन पुरुष मोबाईलवर काहीतरी ऐकून हसत होते. कापूरहोळच्या आसपास रस्ता जरा शांत झाला तेव्हा तिला ऐकू आलं. तिचाच आवाज होता. मागचं-पुढचं कुणीतरी कापून टाकलं होतं. मंगलचं नाव नव्हतं, पिंकीचं नव्हतं, नूतनचं नव्हतं. नुसतं शेवटचं वाक्य आणि ते हसणं. एक जण मागं वळला. एकटी बाई बसलीय, तिलाही करमणूक होऊ दे, अशा मायेनं त्यानं मोबाईल तिच्याकडं केला. “ऐका मावशी. लई भारी हाय.”

तिनं ऐकलं. तो तिच्या तोंडाकडं बघत वाट पाहत होता. आणि शुभांगी हसली. ओळखू येऊ नये म्हणून बारीक, ओठातल्या ओठात, पण हसली. समाधान होऊन तो पुढं वळला. पुढच्या थांब्यावर ती उतरली. तिथं तिचं काहीच काम नव्हतं. रस्त्याच्या कडेनं ती चालत राहिली. समोरून येणारं कुणी मोबाईल कानाला लावलेलं दिसलं की ती तोंड फिरवायची.

भोरला न जाता ती तशीच मिळेल त्या गाडीनं किकवीला परतली आणि घरी न जाता मंगलकडं गेली.

मंगल उन्हात बसली होती. अक्काबाई शेजारी डाळ निवडत होत्या. मंगलनं बसा म्हटलं. शुभांगी बसली नाही, बसली असती तर धीर सुटला असता. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं. चुकून गेलं, राहून गेलं, असं काही न म्हणता. मेसेज दुपारीच आला होता, मी तो वाचला होता, इथंच तुझ्या अंगणात बसून वाचला होता, आत्ताच आलाय म्हणाले ते खोटं होतं.

सगळं संपल्यावर मंगल म्हणाली, “किती वाजता?”

“दोन वीसला.”

मंगल हिशेब करत होती. “दोन वीसला आमी स्तंभापाशी हुतो. मग जेवलो. मग टेम्पोत बसलो.” ती थांबली. “तू गटावर टाकला असतास, तर कात्रजच्या पुढं चंद्राबाईच्या मोबाईलवर तुजा आवाज आला, त्याच वक्ताला माज्या पोरीचा निरोपबी आला असता. दोन्ही एकदम.”

“व्हय.”

“तू तुजा तेवढा पाठवलास.”

शुभांगीच्या तेव्हा ध्यानात आलं की मंगल तिला पहिल्यांदाच तू म्हणाली. मंगल तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. लग्न होऊन गावात आल्यापासून शुभांगी तिला तू म्हणत आली होती आणि मंगल तिला तुमी. याच्यात काही आहे, असं इतक्या वर्षांत तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

डाळीतून मान वर करून अक्काबाईंनी विचारलं, “काय म्हणतीया ती?”

मंगल त्यांच्या कानाकडं वाकली. “पिंकीचा निरोप सांगायला आलीया, आत्याबाई. पोर सुखरूप हाय म्हणून.”

“कवाचा निरोप?”

“जुना हाय,” मंगल म्हणाली आणि डाळीचं सूप डाव्या हातानं आपल्याकडं ओढून घेतलं. शुभांगी निघाली.

त्या संध्याकाळी तिनं गटाच्या ग्रुपवर शेवटचा व्हॉइस मेसेज टाकला. तो तिला चार वेळा पुसून परत बोलावा लागला, कारण दर वेळी कुठंतरी तिच्या आवाजात जुना हेल यायचा, बायकांना ऐकत राहावंसं वाटेल असा. पाचव्यांदा तिनं नुसतं घडलं तसं सांगितलं आणि आपण सचिव राहत नाही असं म्हणून संपवलं. ऐंशी जणींनी तो ऐकला. उत्तर कुणाचंच आलं नाही. बरेच दिवस बाया तिच्याशी भाजीचं, पाण्याचं, एसटीच्या वेळेचं बोलायच्या आणि गप्प व्हायच्या. सचिवपद चंद्राबाईकडं गेलं. त्या दिवसापासून शुभांगी मंगलला तुमी म्हणायला लागली. मंगलनं ते ऐकलं असणार, पण ती स्वतः पुन्हा तुमीवर आली नाही.

बुद्धपौर्णिमेला पिंकी पंधरा दिवसांची रजा काढून आली. शुभांगी तिच्या वाटेत यायचं टाळत होती. पण एका सकाळी पिंकीच नूतनसाठी पुस्तकं घेऊन ओट्यावर आली. नूतन तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती. नूतन आत तयार होत होती, तेव्हा शुभांगीला पाणी घेऊन बाहेर यावंच लागलं. पिंकी वाळली होती. ती पाणी प्याली आणि मग, कुणी न विचारताच, सांगायला लागली.

वृद्धाश्रमात एकेचाळीस जण होते आणि त्या वेळी कामावर सात. लिफ्ट बंद. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांना त्यांनी पाठीवर घेऊन टेकडी चढवली. खाली उतरायचं, परत एकाला घ्यायचं, परत चढायचं. पाणी त्यांच्या गल्लीपर्यंत आलं, वर आलं नाही. शाळेत पांघरुणं पुरली नाहीत. एक आजी तिसऱ्या दिवशी थंडीनं गेल्या. त्या पिंकीचं नाव रोज विसरायच्या आणि रोज नव्यानं विचारायच्या. शेवटच्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं.

शुभांगी ऐकत होती. एरवी असं काही ऐकलं की तिच्या जिभेवर लगेच काहीतरी यायचं. आज काही आलं नाही.

“काकू,” पिंकी म्हणाली, “आईनं मला सगळं सांगितलंय. मी तुमच्या त्या निळ्या खुणा बघून फोन बंद केला होता. तेवढ्यामुळं मला काम सुचलं, हे पण खरंय. मला अजून राग आहे. तो कधी जाईल मला माहीत न्हाई. पण नूतन माझी मैत्रीण आहे, त्यामुळं मी हितं येणार.”

“ये,” शुभांगी म्हणाली.

तिला आणखी बोलायचं होतं. माफी मागायची होती, पण ती मागितली की पिंकीला काहीतरी द्यावं लागेल, निदान मान तरी हलवावी लागेल. एवढंही या पोरीकडं मागायचा आपल्याला अधिकार नाही, असं तिला वाटलं. तिनं रिकामा तांब्या उचलला. नूतन बाहेर आली, दोघी ओट्यावर बसल्या, पुस्तक उघडलं आणि पिंकी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून दाखवायला लागली. शुभांगी आत जाऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी उन्हं चढेपर्यंत ती तशीच ऐकत बसून राहिली.